श्रीफळ नको, नोंद हवी

मार्च महिना उजाडला की आपल्या वैद्य संघटनांना महिलांची आठवण होते. 8 तारखेच्या आसपास एखादे सभागृह ठरते, धन्वंतरीपूजन होते, दोन-तीन कर्तृत्ववान भगिनींना शाल व श्रीफळ अर्पण करण्यात येते आणि त्या प्रसंगाचे छायाचित्र पुढील अंकात छापले जाते. हा उपक्रम वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. आम्ही स्वतः अशा व्यासपीठांवर बसलो आहोत आणि अशा प्रसंगी करावयाचे भाषणही आम्हांस आता पाठ झाले आहे. तथापि गेल्या वर्षी आमच्या चिकित्सालयात घडलेल्या एका लहानशा प्रसंगानंतर ते भाषण करण्याचे धैर्य आम्हांस उरलेले नाही. तो प्रसंग वैद्यबंधू-भगिनींपुढे व फार्मसीचालकांपुढे प्रांजळपणे मांडावा, यासाठीच हा लेखनप्रपंच.

भीमाशंकरच्या डोंगररांगेकडील एका गावातील अकरा महिलांचा बचत गट गेली काही वर्षे आमच्या छोट्या फार्मसीला शतावरी, गुळवेल आणि हिरडा पुरवितो. गटाच्या अध्यक्षा पन्नाशीच्या आहेत. एके दिवशी त्या माल घेऊन न येता रुग्ण म्हणून आल्या. शिरःशूल, अरुची आणि निद्रानाश अशी तीन महिन्यांची तक्रार होती. आम्ही रीतीप्रमाणे प्रश्न विचारीत गेलो. आहार पूर्वीचाच होता, दिनचर्येत बदल नव्हता, नाडीत वातप्रकोप स्पष्ट जाणवत होता. मनाला काही चिंता आहे का, असे विचारताच त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडंच दोन बिलं अडकल्यात. बाया रोज दारात येऊन बसत्यात. झोप कशी लागंल?"

आम्ही हिशेबाची वही मागविली. पहिले बिल 94 दिवसांचे होते, दुसरे 67 दिवसांचे. रक्कम आमच्या दृष्टीने फार मोठी नव्हती, आणि म्हणूनच ती मागे पडली होती. बाटल्यांच्या व्यापाऱ्याचे, लेबल छापणाऱ्याचे, काष्ठौषधींच्या घाऊक दुकानदाराचे पैसे वेळेवर गेले होते. कारण ते फोन करतात, संध्याकाळी येऊन बसतात, प्रसंगी पुढचा माल अडवून धरतात. या भगिनी यांपैकी काहीही करीत नव्हत्या. रुग्णाच्या व्याधीचा हेतू शोधता शोधता तो आमच्याच गल्ल्यात सापडला. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा, असे आपण सारेच शिकलो आहोत. त्या दिवशी आम्ही औषधाआधी धनादेश लिहिला.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. याच भगिनींचा दोन वर्षांपूर्वी आमच्या शाखेने सत्कार केला होता आणि शाल आमच्याच हस्ते दिली गेली होती. ते छायाचित्र आमच्या प्रतीक्षाकक्षात टांगलेले आहे. आमच्या खरेदीवहीत मात्र त्यांच्या गटाचे नाव नव्हते. तेथे "शतावरी, गाववाली" एवढीच नोंद होती.

ओळख: द्रव्याची आणि माणसाची

औषधिद्रव्यांची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या आणि गुरे राखणारे, तसेच वनात राहणारे लोक जाणतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात नमूद केले आहे. केवळ नावरूप जाणणे पुरेसे नाही, द्रव्याचा योग जाणणारा श्रेष्ठ, हेही त्यांनी तेथेच सांगितले. आपण वैद्यांनी या विधानाचा उत्तरार्ध अभिमानाने जपला आणि पूर्वार्ध विसरलो. चिकित्सेच्या चार पादांत द्रव्य हा एक पाद आहे. ते विपुल असावे, योग्य असावे, त्याच्या अनेक कल्पना करता याव्यात आणि ते गुणसंपन्न असावे, अशी शास्त्राची अपेक्षा आहे. ही गुणसंपन्नता आज कोणाच्या हातांवर अवलंबून आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

शतावरीचे उदाहरण घ्यावे. मूळ ओले असतानाच त्यावरची साल सोलावी लागते आणि मधली शीर ओढून काढावी लागते. मूळ वाळले की हे काम अवघड होते, म्हणून खणल्यानंतर वेळ दवडून चालत नाही. शीर तशीच राहिलेली शतावरी वजनाला भरते, पण चूर्णात तंतू येतात आणि कल्क नीट होत नाही. बाळहिरड्याचेही असेच आहे. आठळी धरण्यापूर्वी फळ हाती आले पाहिजे आणि ते पुरते वाळले पाहिजे. ओलसर राहिले तर पोत्यातच बुरशी धरते. खणणे, सोलणे, वाळविणे, पाखडणे, निवडणे ही कामे आमच्या परिसरात तरी बहुतांशी महिलांच्याच हातून होतात. अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल गळ्यात मारली जाते, वावडिंगात दुसरीच फळे मिसळली जातात, हे आपणां सर्वांस विदितच आहे. ही भेसळ प्रयोगशाळेत कळते तेव्हा माल आपल्या गोदामात येऊन पडलेला असतो. ती झाडापाशीच ओळखणारी व्यक्ती आपल्याला नावानिशी ठाऊक असणे, हा गुणवत्तेचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मराठीत 'ओळख' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात. द्रव्याची ओळख हवी तशीच माणसाचीही ओळख हवी. द्रव्याची ओळख ज्यांच्याकडे आहे, त्या माणसांची ओळख आपल्या व्यवसायाला नाही. आमच्या मते खरे दुखणे येथे आहे.

नाव कोठे गळते

हा प्रश्न केवळ डोंगरातील महिलांचा आहे असे कोणी समजू नये. आम्ही बी.ए.एम.एस. करीत असताना आमच्या वर्गात मुलींची संख्या कमी नव्हती आणि गुणवत्ता यादीत तर त्या आमच्या पुढेच असत. त्यांतील कित्येकींनी विवाहानंतर सासरच्या फार्मसीचे काम अंगावर घेतले. आज त्या कच्च्या मालाची परीक्षा करतात, आसव-अरिष्टांच्या संधानावर लक्ष ठेवतात, प्रत्येक घाण्याची नोंद लिहितात, निरीक्षक आले की कागदपत्रे दाखवितात. परवान्यावर नाव मात्र सासऱ्यांचे किंवा पतीचे असते आणि संघटनेच्या सूचीतही तेच छापले जाते.

आम्ही याला अपवाद नाही. आमच्या फार्मसीच्या निर्मितीच्या नोंदी गेली अनेक वर्षे आमच्या सौभाग्यवती ठेवतात. त्या आमच्याच विषयाच्या पदवीधर आहेत. एकदा त्यांनी सूची चाळून सहज विचारले, "यात मी कोठे आहे?" आम्ही म्हणालो, "आपण दोघे वेगळे का आहोत?" हे उत्तर त्या वेळी आम्हांस फार प्रेमळ वाटले होते. आज ते केवळ सोयीचे होते असे वाटते.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील वनवासींचा मालकी हक्क मान्य केला. त्याच कायद्यानुसार विवाहित व्यक्तीस मिळणारा वनजमिनीचा हक्क पती व पत्नी या दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदविला जातो. डोंगरातील कुटुंबाच्या कागदावर जे कायद्याने आणले, ते शहरातील सुशिक्षित वैद्यकुटुंबाच्या कागदावर का येऊ नये?

नावाचा प्रश्न केवळ मानाचा नाही. केंद्रीय मंत्रालये, विभाग व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, आणि त्यात 3 टक्के वाटा महिलांच्या मालकीच्या उद्योगांचा असावा, असे धोरण 2018 पासून आहे. उद्योग खरोखर जी चालविते तिच्या नावावर तो नसेल, तर हा लाभ तिच्या दारावरून निघून जातो. केवळ लाभासाठी कागदावर तिचे नाव घालून कारभार दुसऱ्याने पाहणे हाही तितकाच अप्रामाणिकपणा होय. मागणी साधी आहे. काम जिचे, नावही तिचे असावे.

ओळखी कशा जुळतात

व्यवसायात ओळख हे भांडवल असते, हे फार्मसीचालकांस सांगावयास नको. कोणत्या व्यापाऱ्याकडे यंदा पिंपळी चांगली आली, कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल लवकर मिळतो, कोण दोन महिन्यांची उधारी देतो, ही माहिती कोठे छापलेली नसते. ती काष्ठौषधींच्या दुकानातील संध्याकाळच्या चहावर, अधिवेशनानंतरच्या भोजनावर, रात्रीच्या रेल्वेप्रवासात मिळते. या तिन्ही ठिकाणी महिला क्वचितच असतात. त्यांना कोणी मज्जाव केला आहे असे नाही. परंतु शाखेची सभा रात्री 9 वाजता ठेवली की ज्यांच्या घरी त्याच वेळी स्वयंपाकाची आवराआवर असते त्या येणार नाहीत, हे उघड आहे. मग आपणच म्हणतो, "महिलांना बोलावतो, पण त्या येतच नाहीत."

महाराष्ट्रातील महिलांनी ही अडचण यापूर्वी कशी सोडविली, हे पाहण्यासारखे आहे. 1959 साली गिरगावातील सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून लिज्जतचा उद्योग उभा राहिला. तेथे पापड लाटणारी प्रत्येक भगिनी सहमालक मानली जाते आणि तिच्या कामाचा हिशेब तिच्या नावावर होतो. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या महिलांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या महिला सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. संघटित झाल्यावर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा व त्यांच्या सहकारी महिलांनी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज, प्रवर्तक महिला निरक्षर आहेत या कारणाने नाकारला गेला. त्या महिलांनी अक्षरओळख करून घेतली, पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे उभ्या राहिल्या आणि 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिन्ही उदाहरणांत सत्कार नंतर आले. खातेवही, पतपुरवठा आणि एकमेकींची साथ आधी आली. आपण नेमका उलटा क्रम धरला आहे.

काही आक्षेप

या विषयावर शाखेत चर्चा केली असता काही ज्येष्ठांनी आक्षेप घेतले. ते गैर आहेत असे आम्ही म्हणणार नाही.

पहिला आक्षेप गुणवत्तेचा. 2000 साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल टी नुसार जागा, यंत्रे, तांत्रिक मनुष्यबळ व नोंदी यांची जी पूर्तता करावी लागते, ती बचत गटांना कशी जमणार, असे विचारले जाते. येथे स्पष्ट बोलले पाहिजे. औषध तयार करून विकावयाचे तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील परवाना हवाच. घरी केलेल्या तेलाच्या बाटलीवर रोगनाशनाचा दावा छापून विकणे महिलांनी केले तरी गुन्हाच ठरतो. त्यात सवलत मागण्याचा आमचा हेतू नाही. पण कच्चे द्रव्य गोळा करणे, वाळविणे, निवडणे व फार्मसीला देणे यासाठी औषधनिर्मितीचा परवाना लागत नाही. तेथे लागते ते शिक्षण, आणि ते देणे आपले काम आहे. ज्या वैद्यभगिनींना स्वतःचे कल्प बाजारात आणावयाचे आहेत, पण जागेचे भांडवल नाही, त्यांच्यासाठी लोन लायसन्सची तरतूद कायद्यातच आहे. परवानाधारक फार्मसीच्या जागेत त्या आपल्या नावाने निर्मिती करू शकतात. आपल्यापैकी किती फार्मसीचालकांनी आपला रिकामा घाणा अशा एखाद्या वैद्यभगिनीस देऊ केला आहे?

दुसरा आक्षेप सातत्याचा. गटांचा माल कधी येतो, कधी येत नाही. हे खरे आहे. आमचाही अनुभव तसाच आहे. परंतु तोंडी मागणी, अनिश्चित भाव आणि तीन महिन्यांनी पैसे अशी वागणूक मिळाल्यावर कोणता पुरवठादार सातत्य ठेवील? जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगाव भागातील हिरड्याचे मोठे नुकसान केले. त्या वर्षी आपण दुसरीकडून माल घेऊन मोकळे झालो. ज्यांची झाडे पडली त्यांची चौकशी किती जणांनी केली, हे आपापल्या मनाला विचारावे. सातत्य दोन्ही बाजूंनी असावे लागते.

तिसरा आक्षेप असा की वैद्यकीय संघटनेने व्यापारात का पडावे. व्यापारात आपण पडलेलेच आहोत. आपल्या अधिवेशनांचे मंडप, भोजने व स्मरणिका औषधकंपन्यांच्या जाहिरातींवरच उभ्या राहतात. मोठ्या व्यापाऱ्याला दालन देताना जो प्रश्न पडत नाही, तो महिलांच्या गटाच्या वेळीच का पडावा?

काय करता येईल

आमच्या अल्पमतीस सुचलेल्या पाच गोष्टी पुढे मांडतो. यांतील एकीलाही मोठा निधी लागत नाही.

1. संघटनेच्या सूचीत फार्मसीच्या मालकासोबत, ती प्रत्यक्ष चालविणाऱ्या व्यक्तीचे नाव छापावे. काष्ठौषधी पुरविणाऱ्या महिला गटांचा स्वतंत्र विभाग असावा. त्यात गाव, द्रव्ये व हंगाम यांची नोंद असावी. संपर्काचा तपशील गटाच्या संमतीनेच द्यावा.

2. मागणी लेखी द्यावी. द्रव्य, प्रत, भाव व मुदत त्यात लिहावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे देयक ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत चुकते करावे लागते. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. प्रक्रिया करणाऱ्या गटांना उद्यम नोंदणी करून घेण्यास आपण साहाय्य करावे. ती निःशुल्क आहे. या नोंदणीने आपल्यावरच बंधन येईल, हे जाणूनच ही सूचना आम्ही करीत आहोत.

3. मालाचा तपासणी अहवाल आपण घेतो आणि कपाटात ठेवतो. त्याची प्रत गटाला द्यावी आणि सोप्या मराठीत समजावून सांगावी. माल परत केला तर त्याचे कारणही लिहून द्यावे. असा अहवाल हाती असेल तर तो गट दुसऱ्या फार्मसीपुढे ताठ मानेने उभा राहू शकेल.

4. तीन महिन्यांतून एकदा, तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी 2 ते 4 या वेळेत वैद्यभगिनी, फार्मसी चालविणाऱ्या महिला आणि पुरवठादार गट यांची बैठक ठेवावी. भाषणे नसावीत. कोणाकडे काय आहे आणि कोणाला काय हवे आहे, एवढेच बोलले जावे. वार्षिक अधिवेशनात द्रव्यपरिचयाचे एक सत्र या महिलांनी घ्यावे आणि त्यांना इतर वक्त्यांइतकेच मानधन मिळावे.

5. शाखांच्या कार्यकारिणीत महिलांना केवळ सांस्कृतिक व भोजन समितीत न नेमता खरेदी, सूची व अधिवेशन समितीत स्थान द्यावे.

सूचना करणाऱ्याने आरंभ स्वतःपासून करावा. आमच्या खरेदीवहीत आता गटाचे नाव लिहिले जाते आणि देयकाची तारीख वहीच्या पहिल्या रकान्यात येते. गेल्या तीन हंगामांत एकही देयक 30 दिवसांपुढे गेले नाही. यात आम्ही काही उपकार केला असे मुळीच नाही. देणे दिले, एवढेच. फायदा मात्र आमचा झाला. गेल्या हंगामात गटाच्या अध्यक्षांनी दुसरीकडून आलेली एक पोती उघडून पाहिली, मूठभर शतावरी हातावर घेतली आणि त्यातील कित्येक मुळांची शीर काढलेलीच नाही हे आम्हांस दाखवून दिले. आमच्या नजरेतून ते निसटले होते. परवान्यावर सौभाग्यवतींचे नाव भागीदार म्हणून यावे यासाठीची कागदपत्रेही आम्ही दाखल केली आहेत. या कामास इतकी वर्षे का लागली, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आम्हांस देता आलेले नाही.

शाल कपाटात राहते, श्रीफळ दोन दिवसांत संपते. वहीतील नाव, लेखी मागणी आणि वेळेवर आलेला धनादेश यांवर मात्र पुढचा हंगाम उभा राहतो. येत्या मार्चमध्ये सत्कार अवश्य करावेत. परंतु ज्या भगिनीच्या खांद्यावर शाल घालावयाची, तिचे एखादे देयक आपल्याकडे थकलेले तर नाही ना, एवढे व्यासपीठावर चढण्यापूर्वी वही उघडून पाहावे, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींस व फार्मसीचालकांस आमची नम्र विनंती आहे. आपापल्या तालुक्यातील गटांची माहिती वाचकांनी संपादक मंडळाकडे पाठवावी. सूचीचा नवा विभाग पुढील अंकापासून सुरू व्हावा, यासाठी आम्ही मंडळाकडे लेखी अर्ज केला आहे.